दिवडीचा चावा

निफाडच्या पुढे गोदावरी पसरून उथळ होते, तिथल्या पाणकणसात सुलाबाई म्हशीसाठी गवत कापत होती. मुठीत गवताबरोबर काहीतरी गार आलं आणि मनगटाला कडकडून चावलं. रक्ताची धार लागली. पिवळट अंगावर काळे चौकडे असलेला साप सळसळत पाण्यात शिरला.

"अहो, दिवड हाय," ती नवऱ्याला, झुंबरला, म्हणाली. तिचं माहेरही नदीकाठचंच. मासे-बेडकांमागे फिरणाऱ्या दिवडी तिला नव्या नव्हत्या. "इख नसतं तिला."

झुंबरचा थोरला भाऊ उसात नाग चावून गेला होता. त्याला काही ऐकूच येईना. "रगत बघ किती आलंय! गप बस." त्याने भाऱ्याची नायलॉन दोरी घेतली, कोपराच्या वर वेढे दिले आणि काठी घालून पीळ भरला. सुलाबाई किंचाळली. त्याने आणखी आवळलं.

वस्तीवरच्या भगताने तिला लिंबाचा पाला चघळायला दिला.

"कडू लागतो?"

"लागतो की."

"मग चढलेलं नाय. पण दिवस मावळेस्तोवर दोरी सोडायची नाय."

दुपारी बोटं निळी पडली, मग काळी. "सोडा हो, लय ठणकतंय," ती विनवत होती. झुंबर तिचं कपाळ पुसत राहिला. दोरी सोडायचं धाडस त्याला झालं नाही. उन्हं कलली तसं तिचं विनवणंही थांबलं. ठणका गेला होता.

दोरी सोडली तेव्हा हात लाकडासारखा पडून राहिला. मग मात्र झुंबरने जीप ठरवून नाशिक गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली. "बिनविषारी साप होता. दोरी कोणी बांधली?"

झुंबर भिंतीला टेकून उभा होता. सुलाबाईने डोळे मिटले. "लोकांनी," ती म्हणाली.

हात कोपराच्या वरून काढावा लागला.

द्राक्षाच्या विरळणीला बायांची टोळी तिच्याशिवाय गेली. झुंबर नदीवर जाताना काठी नेऊ लागला. दिवड दिसली की ठेचायचा. एकदा सुलाबाई भाकरी घेऊन आली, तर काठावर तीन दिवडी मरून पडलेल्या.

"त्यांनी काय केलं व्हतं?"

"तिच्यामुळंच तर..."

"तिच्यामुळं नाय."

झुंबरच्या हातातली काठी खाली आली. ती फडकं त्याच्यापुढे ठेवून माघारी फिरली. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली ती कामापुरतीच.