जोरात फुंका

फॉर्म अकरा पानांचा होता आणि मी तो दोनदा भरला. आधी पेन्सिलीनं, मग त्यावरून पेननं. माझं वय, यांचं वय, रक्तगट, दात किती खरे आणि किती बसवलेले, याआधी कधी उंचावर राहिला आहात का. या शेवटच्या प्रश्नापुढं मी लिहिलं, ‘चौथा मजला’. लेकीला फोटो पाठवला तेव्हा ती फोनवर हसत सुटली.

“आई, ते डोंगराबद्दल विचारतायत.”

“मग डोंगर असं लिहायचं होतं त्यांनी,” मी म्हटलं. तरी खोडलं.

कैलासाला जायचं तर याच वर्षी जायला हवं होतं. ज्या मंडळाबरोबर जाणार होतो ते सत्तरीपुढच्या माणसाला नेत नव्हते, आणि मला सत्तर पूर्ण व्हायला पाच महिने उरले होते, यांना चार. त्यांचा दुसरा नियम असा, की पासष्टीपुढच्या माणसाबरोबर घरचं कुणीतरी हवंच. लेकीची मुलं लहान, तिला तीन आठवडे घर सोडणं शक्य नाही. राहता राहिले आमचे हे. हे आले तर मी जाणार. हे अडले तर मीही अडले, ती कायमचीच.

कैलास कशासाठी, असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. मी फार देवाधर्माची बाई नाही. एकतीस वर्षं मी एका हॉस्पिटलच्या तळघरात चादरी धुतल्या, वाळवल्या, घड्या घातल्या. मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही, समोर कुणीतरी दोन टोकं धरावी लागतात. माझ्या समोरची टोकं जी धरायची तिला आम्ही रेडिओ म्हणायचो. तिच्या मांजरीनं काल काय खाल्लं इथपासून शेजारणीच्या जावयाच्या पगारापर्यंत सगळं आम्हाला घडीगणिक कळायचं. ती एका वर्षी कैलासाला गेली. महिन्यानं परत आली, चादरीची टोकं धरली. मी म्हटलं, “हं, सांग.” ती म्हणाली, “मोठा आहे गं.” आणि घडी घातली. मग दुसरी चादर. मग तिसरी. दिवस संपला तरी पुढचं वाक्य आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

जिच्या तोंडाचा पट्टा सुपरवायझरलाही थांबवता आला नव्हता, तिला गप्प करील असं तिथं काय आहे? तेव्हापासून माझ्या डोक्यात हा किडा. नोकरी संपल्यावर तो जास्तच वळवळायला लागला. तीन वर्षं मी रोज आमच्या इमारतीचे जिने चार वेळा चढत-उतरत होते. शेजारचे विचारायचे, लिफ्ट बंद आहे का.

तपासणीला आम्ही सोमवारी गेलो. माझं रक्त, माझं हृदय, माझे गुडघे, सगळं ठीक निघालं. शेवटी श्वासाची तपासणी. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी होती, लेकीपेक्षाही लहान. नाकाला चिमटा लावायचा, खोल श्वास घ्यायचा आणि एका नळीत फुंकायचं. समोरच्या पडद्यावर रेघ उमटते. माझी रेघ टोकदार वर गेली आणि उतरत आली. “छान, काकू,” ती म्हणाली.

मग हे बसले.

“काका, छाती भरून श्वास घ्या, आणि एकदम जोरात सगळी हवा बाहेर. थांबायचं नाही. जोरात फुंका.”

यांनी श्वास घेतला, नळीला अलगद ओठ लावले, गाल फुगवले आणि फुंकलं. पडद्यावर रेघ जरा वर गेली आणि तिथून आडवी सरळ चालायला लागली, पट्टीनं आखल्यासारखी.

“जोरात, काका.”

“जोरातच फुंकलं.”

तीनदा झालं. तिन्ही वेळा तीच बुटकी भिंत. डॉक्टर म्हणाली, “अशी रेघ दोन कारणांनी येते. एक, छाती खरंच अडलेली असते. नाहीतर माणूस मनापासून फुंकत नाही.” दुसरं कारण सांगताना तिनं माझ्याकडं पाहिलं. “पुढच्या आठवड्यात गुरुवारी परत या. त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी मंडळाची यादी बंद होते. आज तरी मला नापास लिहावं लागेल.”

घरी येताना मी यांच्या दोन पावलं पुढं चालत होते. हे दोनदा म्हणाले, आज वारा आहे. मी वाऱ्याला उत्तर दिलं नाही.

चहा ठेवल्यावर मात्र राहवलं नाही. “तुम्ही फुंकलंच नाही.”

“फुंकलं की.”

“ती म्हणाली, मनापासून नाही.”

“मन काय त्या नळीतून बाहेर येतं?”

“अहो, जन्मभर फुंकण्याचीच भाकरी खाल्लीत तुम्ही. आणि एका नळीत फुंकता येईना?”

यांनी कप उचलला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. हे काचेचं काम करतात. प्रयोगशाळांना लागतात ते चंबू, नळ्या, वाकडी नरसाळी, सगळं तोंडानं फुंकून आणि हातानं वळवून. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी अवघड काम आलं की कारखान्यातून बोलावणं येतं, आणि आठवड्यातले चार दिवस अवघडच काम असतं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ नुसतं हं हं करत होती.

“काय ते बोल,” मी म्हटलं.

“आई, चिडू नकोस. बाबा मागच्या महिन्यात मला म्हणाले होते, त्यांना यायचं नाहीये. तुला सांगू नको म्हणाले.”

मी फोन ठेवला. मग नळ पुसला. मग कपाट उघडून सगळे स्वेटर बाहेर काढले, घड्या मोडल्या, परत घातल्या, परत आत ठेवले. बसले की उठावंसं वाटे आणि उठले की कशासाठी उठले ते आठवेना. मंगळवार गेला, बुधवार गेला. हे कामावर जात, येत, जेवत. मी जिने चढायचेही सोडले. मग वाटलं, सोडले तर यांचंच फावलं, म्हणून आठ वेळा चढले. पोटऱ्या धरल्या. मुद्दाम केलं असेल का? नसेल? विचारलं तर खरं सांगतील का? चाळीस वर्षांच्या वर एका घरात राहून हा प्रश्न पडावा, याचाच जास्त राग येत होता.

गुरुवारी दुपारी चपला घातल्या आणि सरळ कारखाना गाठला. वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती, एकाहून एक धारदार.

कारखाना म्हणजे एक लांब खोली. टेबलांवर निळ्या ज्योती, वर पंखे नाहीत, कारण वाऱ्यानं ज्योत हलते. फोरमननं मला ओळखलं. “या काकू. मिस्त्री तीन तोंडांचा चंबू करतायत, मध्येच उठवता यायचं नाही,” म्हणून त्यानं स्टूल दिलं.

मी बसले. हे काळा चष्मा लावून ज्योतीपुढं होते. डाव्या हातात चंबू गरगर फिरत होता, तोंडात रबरी नळीचं टोक. काच लाल झाली की गाल जरासे फुगायचे आणि काच श्वास घेतल्यासारखी वर यायची. गाल बसले की थांबायची. छाती हललीच नाही. मी नीट पाहिलं. शर्टाचं बटणसुद्धा हलत नव्हतं.

“हे असंच फुंकतात?” मी फोरमनला विचारलं.

“असंच म्हणजे?”

मी त्याला तपासणीचं सांगितलं. तो इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसायला लागला. “काकू, मिस्त्रींना जोरात फुंका म्हणाली ती? अहो, छाती लावली की चंबू फुटलाच. नव्या माणसाला आम्ही सहा महिने दुसरं काही शिकवत नाही. छाती विसर, गालानं फुंक. मला मिस्त्रींनीच शिकवलं, टपल्या मारून मारून. चाळीस वर्षांची सवय ती, नळी ओठाला लागली की छातीला कुलूप.”

माझा निम्मा राग तिथल्या तिथं बसला. निम्मा उरला.

काम संपवून यांनी चष्मा वर केला. “तू? घर जळलं का?”

“लेक म्हणाली, तुम्हाला यायचं नाहीये.”

फोरमनला एकदम खोलीच्या दुसऱ्या टोकाला काम आठवलं. हे ज्योत बारीक करत बसले. मग म्हणाले, “नाही यायचं.”

“का?”

“ती तुझी रेडिओ. तिचा नवरा मला बाजारात भेटायचा. म्हणायचा, बायको परत आली, पण घरात आवाज नाही. तू दिवसभर बोलतेस. मी ऐकतो असं नाही, पण मला तो लागतो. तू तिथून गप्प होऊन आलीस तर मी काय करायचं?”

हसावं की काय करावं मला कळेना. “एवढंच?”

“आणि दम लागतो,” हे हळूच म्हणाले. “दुसऱ्या मजल्यावर. तिथं थांबून मी विजेचा मीटर बघतो ना.”

“तो तुम्ही दमलात म्हणून बघता?”

“मीटरमध्ये बघण्यासारखं काय असतं?”

या तीन वर्षांत कितीदा तरी हे माझ्याबरोबर तो जिना चढले होते. मला वाटायचं, माणसाला आकड्यांची आवड आहे.

“मग नाही म्हणायचं होतंत.”

“तीन वर्षं तू जिने चढतेस. कुठल्या तोंडानं म्हणू? पण तपासणीत लबाडी नाही केली. मला ते फुंकता आलं नाही. तेच चार दिवस डोक्यात आहे. फुंकायचंय आणि मला येत नाही, म्हणजे काय?”

असं म्हणून यांनी टाकाऊ नळीचा एक तुकडा ज्योतीत धरला. काच मऊ झाली, यांनी फुंकलं, आणि संत्र्याएवढा गोल, निर्दोष फुगा तयार झाला. दुसरा तुकडा घेतला. पुन्हा तसाच फुगा, आणखी देखणा. हे त्याच्याकडं वैऱ्याकडं बघावं तसे बघत होते.

“काकू, त्यांना राग आणा,” लांबून फोरमन म्हणाला.

तिसरा तुकडा लाल झाला तेव्हा मी म्हटलं, “तुमची धाकटी बहीण आपल्याकडं राहायला यायचं म्हणतेय. सहा महिने.”

फुगा भोपळ्याएवढा झाला आणि फुटला. काचेचे पापुद्रे कांद्याच्या सालीसारखे हवेत तरंगायला लागले, वजनच नसल्यासारखे. फोरमननं टाळ्या वाजवल्या. मग टाळ्या थांबल्या, कारण यांचा खोकला थांबत नव्हता. टेबलाची कड धरून हे वाकले होते. मी पाठीवर हात ठेवला. आतून चाळणीतून वाळू चाळल्यासारखा आवाज हाताला लागत होता.

पुढचे सहा दिवस हे रोज कारखान्यात फुगे फोडून येत होते. मी विचारायची, आज किती? हे म्हणायचे, अकरा. आणि मी तो खोकला मोजत बसायची.

ठरलेल्या गुरुवारी डॉक्टरनं चिमटा लावला. “जोरात फुंका, काका.” यांनी छाती भरली आणि अख्खी उपसून दिली. रेघ टोकाला गेली. माझ्याइतकी उंच नाही, पण भिंत नव्हती. डॉक्टरनं आकडे पाहिले, परत पाहिले. “साठ टक्के लागतात. बासष्ट आहेत. पास.”

हे माझ्याकडं वर्गात पहिला आलेल्या मुलासारखे बघायला लागले.

“पण काका,” ती म्हणाली, “आज खरं फुंकलंत म्हणून खरं दिसलं. छाती अधू आहे. पर्वताच्या पायथ्यापर्यंत गाडीनं जाल, तिथं बसाल, तोवर निभेल. पुढं तीन दिवस चालत परिक्रमा, त्यात मधली ती उंच खिंड. नियमात बसतंय, म्हणून मी सही करतेय. जायचं की नाही ते तुम्ही बघा.”

बाहेर बाकावर बसून मी फॉर्मचं शेवटचं पान काढलं. प्रत्येकाच्या नावापुढं एक चौकट होती. ‘परिक्रमा करणार: होय / नाही.’ माझ्या चौकटीत होय लिहिलेलं होतं. यांची रिकामी होती.

“दे पेन,” हे म्हणाले. “पास झालोय.”

मी पेन दिलं नाही. दहा दिवसांपूर्वी त्यांचा हात धरून मीच होय लिहिलं असतं. मंडळाला फोन लावला. विचारलं, सोबतीचं माणूस पायथ्याला थांबलं तर चालतं का? पलीकडचा माणूस म्हणाला, दर खेपेला दोघं-तिघं थांबतात, खोली असते, फक्त आधी लिहून द्या. मी यांच्या चौकटीत लिहिलं, नाही.

“मला काय सामान राखायला नेतेस?”

“घरचं माणूस म्हणून नेतेय.”

“तीन दिवस बसून काय करू तिथं?”

“दम खा.”

“आणि तू एकटी?”

“पंधरा जण आहेत बरोबर.”

“ते काय घरचे आहेत?”

तीन वर्षांत हजार वेळा मी मनातल्या मनात त्या पर्वताभोवती फिरून आले होते, आणि प्रत्येक वेळी मागं यांच्या बुटांचा आवाज होता. तो काढून टाकून कसं चालायचं ते मला माहीत नव्हतं. एक क्षण वाटलं, सगळा फॉर्मच फाडावा. मग फाडला नाही म्हणून स्वतःचाच राग आला.

मंडळाचं ऑफिस त्याच रस्त्यावर होतं, थोड्या चढावर. फॉर्म देऊन यायचं होतं, पाच वाजता बंद होतं. निघालो. यांचा श्वास वाजायला लागला तसे माझे पाय आपोआप हळू पडायला लागले. हे थांबले.

“तिथंही माझ्यासाठी अशीच रेंगाळणार आहेस का? चाल. मी येतो मागून.”

“पाच वाजेपर्यंत वेळ आहे.”

“चाल म्हणतो ना.”

मी चालले. आधी हळू, मग माझ्या नेहमीच्या चालीनं, जिन्यांच्या चालीनं. फॉर्म छातीशी धरला होता. एक दुकान गेलं, एक शाळेचं फाटक गेलं. कोपऱ्यापर्यंत मागं बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण कोपऱ्याच्या चार पावलं आधीच वळले. हे खाली दिव्याच्या खांबाला टेकून उभे होते आणि एक हात हलवत होते. थांब असा नाही, जा असा. मी कोपरा वळले.