टिकल्या लावलेली बाटली

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे, आणि आमच्या सुयशची तक्रार केल्याशिवाय मला पुढे काही सांगवणार नाही. एवढा शिकलेला इंजिनिअर, सौदीतल्या जुबैलच्या कारखान्यात मोठमोठ्या टाक्या सांभाळतो, पण घरात बायकोशी धड खरं बोलत नाही. असल्या माणसाच्या हाती माझा जीव होता.

माझा जन्म भट्टीतला. मी जाड, हिरवी. तोंडावर चिनी मातीचं बूच आणि ते आवळायला तार. पोटात द्राक्षाचा रस घेऊन मी या देशात आले. शिक्षण म्हणाल तर अंगावरच्या कागदावर होती तेवढीच अक्षरं, तीही पहिल्या धुण्यात गेली. रस संपला तरी सुयशच्या बायकोने, ज्ञानदाने, मला टाकलं नाही. कित्येक वर्षं मी तिच्या ओट्यावर तेलाची बाटली होते. कधी थेंब सांडला नाही. येणारी प्रत्येक बाई विचारायची, "कुठून गं आणलीस?" मग प्लास्टिकची तोटीवाली आली आणि मी सिंकखालच्या अंधारात गेले.

या दिवाळीआधी सुयशने मला बाहेर काढलं. कोठीच्या खोलीत पिंप ठेवून त्याने चोरून बिअर केली होती. इथे दारूला बंदी. सापडलं तर तुरुंग, मग इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द आणि बायकापोरांसकट घरी रवानगी. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ऑफिसातल्या दोस्तांना भेट द्यायची हौस. ज्ञानदाने विचारलं तर म्हणाला, "आल्याचं सरबत आहे. मुरू दे."

मग त्याने मला नटवलं. गळ्यात जुन्या साडीची जर, पोटावर लाल टिकल्यांची कमळं, सोनेरी कागदाची पणती. खोटं कशाला बोलू, मी सुखावले. पण आत ते फसफसत होतं, बूच आतून ढकललं जात होतं, आणि मला भीतीने झोप नव्हती.

शुक्रवारी दुपारी सुयश घोरत असताना ज्ञानदाने शेजारी द्यायला फराळाचं ताट भरलं. "ऑफिसला सरबत आणि शेजाऱ्यांना नुसती चकली? शोभतं का," असं पुटपुटत तिने मला ताटात उभं केलं आणि ताट समोर देऊन आली. साधी राहिले असते तर तिने मला हातही लावला नसता.

समोरच्या घरात शरीफाभाभी राहतात, रत्नागिरीकडच्या. त्यांच्या बैठकीत त्या वेळी नेमका नवऱ्याचा कफील बसला होता. ज्याच्या सहीवर त्यांचं इथलं राहणं, तो अरब मालक. भाभींचे यजमान नूरुद्दीनभाई मला पाहून खूश झाले.

"केवढी सजवलीय बघा. शेखसाहेबांना हेच देऊ."

त्यांनी मला थेट पाहुण्यापुढे ठेवलं. कफीलने माझी जर बोटावर घेऊन पाहिली. मग अंगठा तारेवर नेला. मित्रांनो, काचसुद्धा आतून थरथरते. एक नाही, दोन घरं बुडणार होती.

भाभींनी माझ्या गळ्याशी चढलेला फेस पाहिला. माडाच्या गावची बाई ती. माडी कशी फसफसते हे तिला कोणी शिकवायला नको. हसतच पुढे झाली आणि मला उचललं.

"अहो, गरम झालंय हे. पाहुण्यांना असं देतात का? गार करून आणते."

स्वयंपाकघरात तिने नळ मोठा सोडला, फडक्याखाली बूच उघडलं आणि मला पालथं केलं. सगळं वाहून गेलं. बैठकीत तिने लिंबाचं सरबत नेलं.

पाहुणा गेल्यावर ती आमच्या दारात आली आणि मला सुयशच्या हातात ठेवलं.

"ज्ञानदाला ठाऊक नव्हतं, ते तिच्या तोंडावरून कळतं. तुम्हाला ठाऊक होतं, भाऊ. माझ्या पोरांचा घास होता त्या टेबलावर."

ज्ञानदाने सुयशपुढे हात केला. तिने फक्त कोठीच्या खोलीची किल्ली मागितली.

आता पिंप रिकामं झालंय. सुयश मोरीपाशी बसून माझ्या टिकल्या नखाने खरवडतोय. बूच बाजूला आहे, तोंड मोकळं आहे, म्हणून मोठ्यानेच सांगते.

"सुयश, मला जपायचं असेल तर माझ्यात काय भरतोस ते घरच्या बाईला सांगायची छाती ठेव. नाहीतर मला कचऱ्यात टाक. टिकल्या लावून भेकडपणाचं सरबत होत नाही."