उडत्या घोड्याची पुढची पानं

"आन् मंग घोडा आडावर उतरला," चांगुणा म्हणाली, तसं नागनाथनं तळवा दाबून शिलाई मशीनचं चाक थांबवलं.

"कुठल्या आडावर?"

"देवळाफुडच्या. तहान लागली व्हती त्याला. त्यानं हौदात तोंड घातलं. राजकन्या उतरली, सोता पोहरा सोडला, पानी शेंदलं. सगळं गाव बघायलं व्हतं. कुनी बी तिला लांब हो म्हनलं न्हाई."

तेरा वर्षांची चांगुणा वाचनालयाच्या उंबऱ्यावर बसली होती. संतपूरच्या विहाराला लागून असलेली ही खोली नागनाथनं मागून आणलेल्या पुस्तकांवर उभी केली होती. आठवडाभर तिथं कपडे शिवायचे, रविवारी शिवता शिवता पुस्तकं द्यायची. नियम एकच. परत आणलेल्या पुस्तकाची गोष्ट उंबऱ्यावर बसून शेवटापर्यंत सांगायची, तरच दुसरं मिळेल. नागनाथला चौथीत मास्तरांनी वर्गाबाहेर पायरीवर बसवलं होतं. तिथून तो उठला तो पुन्हा शाळेत गेला नाही. रद्दीच्या कागदांवर वाचायला शिकलेल्या या माणसाला पुस्तक नुसतं मिरवलेलं खपत नसे.

"खोटं बोलायलीस," तो म्हणाला.

"न्हाई, अण्णा."

"श्रीपतरावाच्या सुशीलानं तीन आठवड्यांमागं ह्येच पुस्तक दिलं. तिच्या गोष्टीत घोडा राजकन्येला सासरी न्यायला निघतो आन् अर्ध्या वाटंतून आईच्या दारात आणून सोडतो. तुझा घोडा आडावर कसा आला?"

चांगुणानं पुस्तक छातीशी धरलं.

"वाचलंच न्हाईस तू. नाव कापतो तुझं. आन् ही राक्षस-परीची तिन्ही पुस्तकं उद्या किराणा दुकानात, पुड्या बांधायला. आपल्या मानसांनी देव सोडले, अंगात येनं सोडलं, आन् तुमी उडते घोडे धरून बसलाव!"

त्यानं पुस्तकं दिल्याची वही ओढली. पेन्सिल नावावर टेकवली. गाव कर्नाटकातलं, शाळेत सगळं कानडी. चांगुणाला मराठी अक्षर भेटायचं ते याच खोलीत. ती उंबऱ्यावरून उठली आणि तिनं पुस्तक वहीवरच ठेवलं.

"आदी उघडा तरी, अण्णा. शेवटून."

असल्या पुस्तकांना नागनाथ हात लावत नसे. एका मास्तरांच्या घरून आलेल्या पेटीतून ती निघाली, तशीच फळीवर गेली. आता त्यानं चिडूनच मागचा पुठ्ठा उलटला. अठ्ठ्याऐंशीव्या पानावर घोडा ढगातून खाली यायला लागला होता. पुढं पानं नव्हती. शिंप्याच्या डोळ्यानं त्यानं आधी बांधणीचा दोरा पाहिला. पिवळा पडलेला, कुजका. फाटलेली कडही हात लागून लागून मऊ झालेली.

"कुनी फाडलं?"

"आलंच तसं. समद्या पोरास्नी ठावं हाय."

"मंग मला कामून सांगितलं न्हाई?"

"तुमी फेकून दिलं असतं." तिनं नखानं पुठ्ठ्याची कड खरडली. "नवीन कुनी आलं की आमी सांगताव, पयलं ह्येच घे. लई भारी हाय. शेवट आपला आपन लावायचा. फकस्त अण्णाला कळू द्यायचं न्हाई."

नागनाथनं वहीची पानं मागं मागं उलटली. सहा वर्षांत त्या पुस्तकापुढं अकरा नावं होती. दुसऱ्या कुठल्याच पुस्तकापुढं एवढी नव्हती. एका नावावर त्याचं बोट थांबलं. बंडेप्पा. त्याचा बाप कामाला म्हणून हैदराबादला गेलेला, दोन वर्षं पत्ता नाही. बंडेप्पाच्या गोष्टीत हरवलेल्या राजाला घोड्यानं तिसऱ्या दिवशी घरी आणलं होतं. ते ऐकून 'असलं कुठं असतंय व्हय रं' म्हणत नागनाथनंच नावापुढं गोष्ट पुरी झाल्याची खूण केली होती. आणि सुशीलाची सोयरीक ठरली, तो आठवडा कुठला? त्यानं तारीख पाहिली. वही हळूच मिटली.

बराच वेळ तो सुईत दोरा ओवत राहिला. सुईत दोरा आधीच होता.

मग त्यानं वही पुन्हा उघडली. चांगुणाच्या नावापुढं खूण केली, तिला दुसरं पुस्तक दिलं आणि बाराव्या ओळीवर काहीतरी लिहिलं. चांगुणानं मान वाकडी करून वाचलं.

"अण्णा, तुमी?"

"नियम समद्यास्नी हाय. जा आता, तुरीच्या शेंगा निवडायच्या न्हाईत का घरी?"

पुढच्या रविवारी चांगुणा आली तेव्हा मशीनवर फडकं टाकलेलं होतं आणि नागनाथ पुस्तक हातात घेऊन उभा होता. तिनं पुस्तक घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं, त्याच्याच स्टुलावर बसली आणि वही मांडीवर घेतली.

"बसा की," तिनं उंबरा दाखवला.

"लई शानी झालीस."

तो बसला. गुडघे वाजले. पायरीवर ऊन आलं होतं. इतक्या वर्षांत तिथून खोली कशी दिसते ते त्यानं पाहिलं नव्हतं.

"हं. सांगा."

नागनाथनं घसा खाकरला.

"घोडा उतरला... शाळंच्या पटांगनात. चौथीच्या वर्गाफुडं."

"आन्?"

तो पायरीवरच्या उन्हाकडं बघत राहिला. चांगुणानं पेन्सिल खाली ठेवली.

"आत घेतलं का त्याला, अण्णा?"

"थांब की जरा," तो म्हणाला. "सांगायलोय न्हवं."