अंगठ्याएवढी जागा

मित्रांनो, मी संग्रहालयातल्या कपाटाचा एक जुना खण आहे. सुताराने मला घडवलं, तळाला पांढरा कागद चिकटवला, वर काच बसवली आणि टाचणीवर टोचलेली फुलपाखरं माझ्यात राहायला आली. डांबरगोळ्यांच्या वासाने तुम्ही नाक मुरडाल, पण मला तोच घरचा वाटतो.

माझी देखभाल संग्रहालयात काम करणारी ताई करायची. शिस्त म्हणजे शिस्त. मिशीच्या टोकाला गाठ असेल तर फुलपाखरू. मिशी निमुळती किंवा पिसासारखी असेल तर पतंग, आणि त्याची रवानगी खालच्या खणात. एकदा तिची धाकटी बहीण भेटायला आली. ताईची पाठ वळताच तिने एक निळा झगमगीत पतंग माझ्यात टोचला, तोही चिमटा न वापरता.

"अगं, पतंग आहे हा. मिशा बघ की," ताई म्हणाली. "आणि पंखाला हात लावलास? अंगठ्याएवढ्या जागेवरचे खवले गेले."

धाकटीने अंगठा पुढे केला. त्यावर खवल्यांची निळी धूळ चमकत होती. "दिवसा उडतो ना? मग राहू दे इथंच. पुढच्या वेळी आले की हलवू."

पुढची वेळ आलीच नाही. धाकटी तापाने गेली. ते खवले ती सोबत घेऊन गेली, असं मला उगाचच वाटत राहिलं.

एवढी शिस्तीची ताई, पण तिने तो पतंग हलवला नाही. लोक माझं कौतुक करत तेव्हा मला पतंगाच्या पंखावरच्या त्या डागाची लाज वाटे. ताई मात्र काचेवरून नेमका तिथेच अंगठा टेकवायची.

तिच्या निवृत्तीच्या सुमारास नवे साहेब आले. "चुकीच्या खणात आहे, पंखही खराब. टाकून द्या."

"टाकू नका. डाग माझ्या बहिणीचा आहे," ताई म्हणाली. तिने स्वतःच पतंग खालच्या खणात नेला आणि ती घरी गेली.

त्यानंतर मला फारसं कुणी उघडेना. आणि माझ्या रिकाम्या जागी, कागदावर, निळी धूळ दिसू लागली. अंगठ्याएवढी. साहेबांनी ती पुसली. पुन्हा आली. काच बंद, फट कुठे नाही. मी घाबरलो, खोटं कशाला सांगू? शेवटी साहेबांनी ताईला बोलावून घेतलं.

ताईने वाकून पाहिलं. मग काचेवरून तिथेच अंगठा टेकवला.

"आलीस होय?" ती हळूच म्हणाली. "पतंग हलवला गं मी. खालच्या खणातच आहे."

मित्रांनो, फुलपाखराच्या पंखाला हात लावू नका. पण कुणाचा लागून गेला असेल, तर तेवढी जागा पुसू नका.