दगाच्या लग्नावर घेतलेली फिल्म

आधी ओळख सांगते, नाहीतर तुमच्यातले निम्मे मला काळी वीट समजतील. मी कॅसेट आहे. व्हीएचएस. पोटात दोन चक्र्या, त्यांच्यावर गुंडाळलेली फीत, आणि तोंडाशी एक झाकण, जे उघडून पोरं आत बोट घालतात आणि मग मार खातात. माझ्या जन्माचं विचारू नका. कारखान्यात जन्मलेल्यांना आईबाप नसतात, फक्त खोका असतो.

मी होते अर्ध्या तासाची. माझ्या मोठ्या बहिणी तीन-तीन तासांच्या, त्यांच्यात केळीच्या बागायतदारांची लग्नं सासूसुनांच्या रुसव्यासकट मावत. आम्ही सगळ्या शहाद्याच्या एका शूटिंगवाल्याच्या फळीवर बसलेलो असायचो. आमच्याकडे शूटिंग म्हणजे लग्नाचंच. शूटिंग दुसऱ्याही कशाचं असतं, हे तेव्हा गावात कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

ब्राह्मणपुरीच्या दगाचं लग्न ठरलं आणि माझं नशीब उघडलं. दगा घरातला धाकटा. थोरल्या भावाच्या लग्नात फक्त फोटो निघाले होते, म्हणून यानं हट्ट धरला की आपल्या लग्नाचं शूटिंग व्हायलाच हवं, भले छोटं का होईना. मग हळद, वाजंत्री, अंतरपाट, पंगत आणि शेवटी नवरीची पाठवणी, असं सगळं माझ्या अर्ध्या तासात कोंबलं गेलं. शूटिंगवाल्यानं माझ्या पाठीवरचं टिकलीएवढं प्लास्टिक मोडून टाकलं. ते मोडलं की कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. मग त्यानं कागद चिकटवून त्यावर लिहिलं, ‘दगा – सिंधु’. मी त्या दिवशी फार मिरवले. एवढं भरलेलं पोट मला पुन्हा मिळायचं नव्हतं.

सिंधुबाई मला जीव लावायची. घरात व्हीसीआर नव्हता, तो भाड्यानं आणावा लागे. पण एरवीसुद्धा ती मला कपाटातून काढून पदरानं पुसायची आणि परत ठेवायची. तिचे वडील लग्नानंतर वर्षाच्या आत गेले. त्यांचा चालता-बोलता असा कुठलाच अवशेष नव्हता, होता तो माझ्या पोटात. हे तिला माहीत होतं आणि मलाही. त्या घरात माझी किंमत तेवढ्यासाठीच होती, आणि मला ती पुरेशी होती.

पुढे सिंधुबाई पहिल्या बाळंतपणाला तापीकाठच्या माहेरी गेली आणि इकडे हेमकांतचं डोकं फिरलं.

हेमकांत म्हणजे दगाच्या थोरल्या भावाचा मुलगा. आज तुम्ही ज्याला मोठा दिग्दर्शक म्हणता, ज्याची दाढी परदेशातल्या मासिकात छापून येते, तोच. तेव्हा त्याला दाढी नव्हती, अक्कलही नव्हती. शूटिंगवाल्याकडे तो वायर धरायला जायचा. दोन लग्नांच्या मध्ये कॅमेरा रिकामा होता, तो त्यानं मागून आणला. कोरी कॅसेट मात्र कोणी देईना. मग तो काकाकडे आला आणि म्हणाला, की मी पिक्चर काढतोय आणि त्यात हिरो तुम्ही.

बस्स, एवढंच पुरलं. माणसाला हिरो म्हटलं की तो घरचं जातंसुद्धा उचलून देईल. दगानं कपाट उघडलं.

“हाई ले,” तो मला पुढे करत म्हणाला, “पन मी तेमा चांगला दखावाले जोयजे.”

पाठीवरच्या भोकावर चिकटपट्टी लावली, म्हणजे मोडलेलं प्लास्टिक असून नसल्यासारखं होतं. ती पट्टी दगानं स्वतःच्या हातानं लावली. आणि हेमकांतनं कागद ओढून काढायचा प्रयत्न केला, तेव्हा ‘सिंधु’ तेवढी फाटून हातात आली. ‘दगा’ चिकटून राहिला.

आता त्या जगप्रसिद्ध फिल्मबद्दल. मी आतून पाहिली आहे, म्हणून बोलते. दगा केळीच्या बागेत विहिरीवरच्या मोटारीजवळ बसून वीज यायची वाट बघतो. झालं. वीज येत नाही. मधे एक अखंड लांब दृश्य आहे, ज्याबद्दल पुढे विद्वानांनी पानंच्या पानं लिहिली, की यात काळ थांबला आहे, ग्रामीण भारताची प्रतीक्षा आहे. खरी गोष्ट अशी, की हेमकांत कॅमेरा हौदाच्या कठड्यावर ठेवून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खायला गेला आणि बटण बंद करायला विसरला. काळ थांबला नव्हता, पोरगं जेवत होतं. तोवर मी बिचारी हळद पुसून दगाचं पाठ खाजवणं भरून घेत होते. मग अंतरपाट गेला. मग पंगत गेली. एकेक माणूस माझ्या डोळ्यांदेखत जात होता आणि मला ओरडता येत नव्हतं. शेवटी कॅमेऱ्याची बॅटरी मेली, म्हणून फिल्म संपली. ती बॅटरी जरा अजून जगली असती, तर पाठवणीही गेली असती. ती राहिली. हे दगाला माहीत नव्हतं. त्याला वाटलं, सगळंच पुसलं.

सिंधुबाई तान्ह्या रोशनीला घेऊन परतली. कपाटात माझी जागा रिकामी होती.

“व्हीसीआर आनेल व्हता,” दगा जमिनीकडे बघत म्हणाला. “मशीननी खाई टाकी वं कॅसेट. मी काय करू?”

ती त्या दिवशी जेवली नाही. हे मला हेमकांतनं सांगितलं नाही, तो तेव्हा मला पिशवीत घालून पुण्याला पळाला होता; हे मला फार नंतर रोशनीच्या बोलण्यातून कळलं.

पुढची वर्षं मी हेमकांतच्या ट्रंकेत काढली. पुण्याची खोली, मुंबईची खोली, मग मुंबईचं घर, मग समुद्र दिसणारं घर. त्याच्या दाढीसोबत त्याचं नावही वाढत गेलं, आणि माझ्या फितीवर पांढरी बुरशी. पुण्यात सुरुवातीला एकदा लावलं, त्यानंतर त्यानं मला कधीच लावून बघितलं नाही. पण मुलाखतींत माझ्याबद्दल बोलायचा. “माझ्या पहिल्या फिल्मच्या शेवटी एक रडणारी नवरी अचानक येते,” असं सांगायचा, “ती आपल्या मातीचं प्रतीक आहे.” ते इतक्यांदा सांगून झालं होतं, की ती नवरी आपली काकू आहे हे तो खरोखरच विसरला. मोठ्या माणसांचं असंच असतं. खोटं पाठ झालं की त्यांना ते आठवण वाटतं.

मग एका कंपनीनं ठरवलं, की त्याच्या सुरुवातीच्या सगळ्या छोट्या फिल्म्स एका सुंदर खोक्यात घालून विकायच्या. घरी बसून बघायच्या तबकड्या, सोबत एक जाड पुस्तिका. त्या कामावर दामिनी नावाची मुलगी होती. तिच्याबद्दल वाईट बोलणार नाही. तिनं मला उबेत ठेवलं, बुरशी पुसली, माझी फीत हलक्या हातानं नव्या कवचात घेतली आणि परत माझ्यात घातली. डॉक्टरसुद्धा एवढं करत नाही.

फक्त तिनं हेमकांतला फोन केला आणि विचारलं, “सर, नाव ‘दगा’च ना? म्हणजे विश्वासघात?”

त्या फिल्मला नाव नव्हतंच हो! माझ्या अंगावरच्या कागदावर शूटिंगवाल्यानं लिहिलेलं ते गिऱ्हाइकाचं नाव होतं. पण ‘विश्वासघात’ हा शब्द हेमकांतच्या कानाला गोड लागला.

“हो,” तो म्हणाला. “विश्वासघातच. आपल्याच माणसाकडून झालेला.”

झालं, पुस्तिकेत इंग्रजीत ‘बिट्रेयल’ छापलं गेलं. एका समीक्षकानं त्यावर लेख लिहिला, की काकानं भावाच्या जमिनीत केलेला घात दिग्दर्शकानं किती संयमानं दाखवला आहे. नंदुरबारच्या पेपरात त्याचा मराठी सारांश आला, तो रोशनीनं बापाला वाचून दाखवला. रोशनी आता शहाद्याला शिक्षिका आहे. वाचताना तिचा आवाज बारीक होत गेला.

दुसऱ्या दिवसापासून दगाचं पारावर बसणं बंद झालं. वाटणीत विहीर त्याच्या तुकड्यात आली होती, हे गावाला ठाऊक होतं. थोरला भाऊ आता हयात नव्हता. आणि गावाला एवढं पुरतं. “काय दगाभाऊ,” लोक विचारायचे, “भाऊले काय फसाडं तू? पेपरमा छापी उनं!” पन्नाशी ओलांडलेला माणूस, कधी कोणाच्या बांधावरचं गवत कापलं नाही, आणि आता गावच्या सहकारी सोसायटीत गेला की बोलणं थांबायचं. ते त्याला फार लागलं. त्यानं हेमकांतला फोन लावला.

“मन्ही मायना दोन तान्हा आंडोर पाळणामाच मरी ग्यात,” तो म्हणाला. “म्हनीसन तिनी मन्हं नाव दगा ठेवं. दगा म्हंजे दगड. दगडले कोन उचली लई जाई? आनि तू माले दगाबाज करी टाकं? आठे ये. सगळासना समोर फिल्म दखाड आनि तुन्हा तोंडघाई सांग, मन्हं नाव काय शे ते.”

हेमकांत आला. कंपनीला जाहिरात हवीच होती, म्हणून दामिनीही आली आणि तिच्यासोबत मी, काचेच्या पेटीत. गावात तबकडी बघायचं यंत्र एकाही घरात नव्हतं. दगाला पाठवलेला खोका त्यानं न उघडताच देव्हाऱ्याशेजारी ठेवला होता. मग सोसायटीचं खताचं गोदाम रिकामं केलं, भर दुपारी शटर पाडून अंधार केला, आणि पडदा लावला. युरियाच्या वासात जागतिक सिनेमा, असा योग पुन्हा येणे नाही.

हेमकांत बोलायला उठला. त्यानं खरं सांगितलं, म्हणजे जेवढं त्याला आठवत होतं तेवढं. दगा हे माझ्या काकांचं नाव आहे, घात वगैरे काही नाही, पुढच्या छपाईत दुरुस्त करू. टाळ्या झाल्या. दगा पहिल्या रांगेत पांढरी टोपी नीट करून ताठ बसला. शेजारी सिंधुबाई. मला त्याची कीव येत होती, कारण पुढे काय येणार आणि ते कोणाचं, हे त्या गोदामात फक्त मला माहीत होतं.

फिल्म सुरू झाली. काळ थांबला तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, “अरे, कॅमेरा बंद कराले इसरी ग्या हाऊ!” अख्ख्या जगात पहिल्यांदा कोणीतरी ती फिल्म बरोबर समजलं. हशा पिकला. हेमकांतनं दाढी कुरवाळली. दगाही हसला.

मग पडदा थरथरला, दोन रेघा आल्या आणि केळीची बाग गेली. नवरी आपल्या आईच्या गळ्यात पडून हमसून रडत होती. मागे फेटा बांधलेला एक वाळका म्हातारा उगाचच जीपवरचं सामान बांधत होता, सोडत होता, पुन्हा बांधत होता. रडणं दिसू नये म्हणून तो लेकीकडे पाठ करून उभा होता.

दामिनीनं अंधारातच सिंधुबाईचा चेहरा बघितला, मग पडदा बघितला, आणि भाबडेपणानं म्हणाली, “काकू, तुम्ही आहात या? किती छान काम केलंय! काय रडलाय तुम्ही!”

सिंधुबाई उठून उभी राहिली.

“हाई कॅसेट ते मशीननी खायेल व्हती ना?” तिनं दगाला विचारलं. “मंग आठे कशी काय उनी?”

दगाची टोपी खाली झुकली. हेमकांतला एकदम सगळं आठवलं असावं, कारण तो शटर कुठे उघडतं ते शोधू लागला. मग सिंधुबाई दामिनीकडे वळली.

“बाई, पुस्तकमा जे छापेल शे ते खोडू नका. नाव बराबर शे.”

गोदाम हसून फुटायचं बाकी होतं, पण ती हसत नव्हती, म्हणून सगळे ओठ दाबून बसले. तिनं पाठवणी पुन्हा लावायला सांगितली. संपली, की पुन्हा. “मन्हा बाप शे तो,” ती शेजारणीला सांगत होती, “हाऊ देख, सामान बांधी ऱ्हायना.” तिचा पदर डोळ्यांना होता. मला त्या वेळी कसं वाटलं, ते सरळच सांगते: एवढी वर्षं मी ज्यासाठी बुरशी खात जगले, ते हेच. खोकं, पुस्तिका आणि समीक्षक गेले खड्ड्यात.

दगा हळूच तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. त्यालाही बघायचं होतं. त्यानं पडदाभर स्वतःला शोधलं. नवरीची आई होती, बाप होता, वाजंत्रीवाला होता, कुणाचा तरी कुत्रासुद्धा होता. नवरदेव आधीच जीपमध्ये जाऊन बसला होता. काचेआड फक्त एक कोपर दिसत होतं. बाकीचा नवरदेव त्यानं स्वतःच चिकटपट्टी लावून पुसला होता.

“मी कोठे शे?” त्यानं हळू आवाजात विचारलं.

सिंधुबाईनं मान न वळवता उत्तर दिलं, “तू हिरो व्हयना ना. नवरदेव पुसाई ग्या.”

तेव्हा मात्र गोदाम फुटलं.

आता मी सिंधुबाईच्या कपाटात आहे. हेमकांतला मी कुठल्याशा संग्रहालयासाठी हवी होते, पण मागायची हिंमत झाली नाही. पाठवणी रोशनीनं आईच्या फोनमध्ये घालून दिली आहे, त्यामुळे मला आता काहीच काम नाही. नुसती पडून असते आणि अधूनमधून पदरानं पुसली जाते. तुमच्या घरीही माळ्यावर माझी एखादी बहीण असेल, तर तिच्यात काय आहे ते विचारल्याशिवाय तिला भंगारात देऊ नका. आणि घरात कोणाला कलेचा झटका आलाच, तर त्याला कोरी कॅसेट आणून द्या.

परवा दामिनीचा फोन आला होता. पुढची छपाई निघते आहे. पेपरवाल्यांनाही कळवून टाकू, काकांचं नाव निर्दोष करू, असं ती म्हणाली. दगाला हेच हवं होतं, याचसाठी त्यानं एवढा आटापिटा केला होता. त्यानं स्वयंपाकघराकडे बघितलं. सिंधुबाई चुलीपुढे पाठमोरी बसून फोनवर पाठवणीच बघत होती, आणि तिची भाकरी करपत होती.

“ऱ्हाऊ द्या, बाई,” दगा म्हणाला. “जसं शे तसंच छापा.”

आणि फोन ठेवून तो भाकरी उलटायला गेला.