चालीवाचून सूर

माझी बायको मनकर्णा वारल्याची खबर लग्नघरी दुपारीच आली होती. मला ती दिवस मावळल्यावर कळली.

निजामाच्या राज्यातलं फसली साल तेराशे चोवीस, वैशाख होता. आमचा ताफा आमच्या दिंद्रुड गावाहून सहा कोसांवर, धारूरच्या वाटेवरच्या एका गावी, पाटलाच्या लेकीच्या लग्नात वाजवायला गेला होता. आम्ही चौघं. सनई माझ्याकडे. सटवा सुराला, म्हणजे त्याच्या सनईतून एकच स्वर सारखा निघायचा आणि त्यावर मी चाल वाजवायची. डफडं शहादेवकडे. संबळ उत्तरेश्वरकाकांचा आणि ताफाही त्यांचाच. नात्यानं ते कुणाचेच काका नव्हते, पण सगळे काकाच म्हणायचे. आसपासच्या वीसेक गावांत आमच्यावाचून हळद लागत नसे. म्हातारं माणूस किंवा सवाष्ण गेली तर तिरडीही आमच्यावाचून उचलत नसत. तिरडीपुढे वाजवायची चाल वेगळी असते. तिला आम्ही पोचवणीची चाल म्हणतो.

ताफ्याचा एक नियम होता. हळदीला सनई लागली की अक्षता पडेपर्यंत ताफ्यातल्या माणसाला त्याच्या घरचं मरण सांगायचं नाही. कळलं की सुतक लागतं. सुतक लागलं की वाजवता येत नाही आणि नवरानवरी मांडवात खोळंबतात. त्याच्या चार वर्षं आधी सटवाचा बाप वारला, तेव्हा सांगायला आलेल्या माणसाला मीच वेशीबाहेर विहिरीपाशी बसवून ठेवलं होतं. सटवा संध्याकाळपर्यंत वाजवत राहिला. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मुहूर्त गोरजाचा होता. अक्षता पडल्या आणि मी सनई चढवली. जरा वेळानं सटवाकडे नजर गेली. त्याची सनई मांडीवर पडली होती आणि त्यानं उपरण्यात तोंड लपवलं होतं. तरी सूर चालूच होता. माझ्या चालीखाली, नेहमीसारखा. दुसरा कुणी वाजवतोय का म्हणून मी मांडवभर पाहिलं. कुणी नव्हतं. मग तो सूर मधेच किंचित खाली बसला आणि पुन्हा वर आला.

तो हिसका मला माहीत होता. माझ्या सनईच्या पत्त्या मनकर्णा कापायची. ताडाचं पान भिजवून, बांधून, कापून झालं की पत्ती लागते का ते ती फुंकून बघायची. तसं बघता बघता ती सूर धरायला शिकली. बाईनं सनई तोंडाला लावायची रीत नाही, म्हणून घरात दार लोटून मी वाजवायचो आणि ती सूर द्यायची. आम्हाला मूलबाळ नव्हतं. घरात बघायला कुणी नव्हतं. गालात हवा साठवून नाकानं श्वास घ्यायचा असतो, ते तिला पुरतं कधी जमलं नाही. श्वास घेताना तिचा सूर एक हिसका खायचा. थोड्या वेळानं ती म्हणायची, "आवं, संपवा की आता. गाल दुखायलेत."

वाजवणं थांबलं तेव्हा काका माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या हातातली सनई काढून घेतली.

"बंकट, मनकर्णा गेली. पटकीनं. आज सकाळी."

"खबर कवा आली?"

"दुपारी. पंडित आलाय. गोठ्यामागं बसवलाय त्याला."

दुपारी कळलं असतं तर पाटलाचं घोडं मागून दिवसाउजेडी घरी पोचलो असतो. सटवा माझ्याकडे बघत नव्हता. त्यानं पंडितला येताना पाहिलं होतं. पंडित आमचा शेजारी, तो कशाला आला असेल ते सटवाला कळलं होतं.

सकाळी दिंद्रुडला पोचलो तर सगळं उरकलं होतं. पटकीचं मढं कुणी ठेवत नाही, तरी माझ्यासाठी लोक दिवस मावळेपर्यंत थांबले होते. शेजारच्या भिवराबाईनं मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "तुमचा ताफा कुठवर आलता रे?"

मी म्हटलं, ताफा आलाच नव्हता.

"आसं कसं? सूर तर समद्यांनी ऐकला. तिरडी उचलली अन् लागला. निस्ता सूर. मागून सनई यील म्हणून विसाव्याला तिरडी ठिवून लई वेळ थांबलो आमी. सनई आलीच न्हाई."

मी आणखी चौघांना विचारलं. खांदा दिलेल्या माणसांनीही तेच सांगितलं. तिला नेलं त्या वेळी मी सहा कोसांवर अक्षतांची चाल वाजवत होतो.

तेराव्यानंतर आम्ही देवळात सांजेचं वाजवायला बसलो. त्या वाजण्यावर गावात दिवे लागतात. मी सुरुवात केली आणि सटवाच्या सुराबरोबर दुसरा सूर आला. सटवानं सनई खाली ठेवली. दुसरा चालूच राहिला. शहादेव डफडं टाकून पायऱ्या उतरून गेला. दोन लग्नांत असंच झालं. दुसऱ्या लग्नात नवरीच्या आईनं पोरीचे कान दाबून धरले. ती बातमी गावोगाव गेली आणि आम्हाला बोलावणं बंद झालं. त्या साली कैक मांडवांत नुसत्या टाळ्यांवर लग्नं लागली. देवळातलं वाजणंही बंद पडलं. बाया मला बघून वाट बदलायच्या.

एके दिवशी काका घरी आले. उंबऱ्यावर बसले. पागोटं काढून हातात धरलं.

"मी नियम पाळला," ते म्हणाले. "चुकलं का न्हाई ते मला सांगता येत न्हाई. पर ती सवाष्ण गेली, अन् आपल्याच ताफ्याच्या बाईला आपण पोचवलं न्हाई. सूर धरून ती थांबली हाय. तिची चाल वाजव बाबा. तिला जाऊ दे. गावाला बी सुटू दे."

मला ते पटलं. विसाव्याचा दगड ओढ्याच्या काठी आहे. दुसऱ्या दिवशी दिवस कलल्यावर मी आणि सटवा तिथं गेलो. मनकर्णेनं कापलेली शेवटची पत्ती मी राखून ठेवली होती. ती बसवली. सटवानं आपली सनई पिशवीतून काढलीच नाही. मी तोंडात पत्ती घेतली आणि सूर लागला. अगदी जवळून. दार लोटलेल्या घरात यायचा तसा.

सटवा म्हणाला, "वाजव."

मी फुंकलं नाही. चाल पुरी झाली की सूर थांबणार, हे मला ठाऊक होतं. मग घरात काय उरलं असतं? मी पत्ती काढून डबीत ठेवली. सटवा माझ्या आधी उठला आणि गेला. त्याच महिन्यात तो परळीला सासऱ्याकडे राहायला गेला. शहादेव शेतावर जातो. काका पुढच्या साली वारले. त्यांच्या तिरडीपुढेही कुणी वाजवलं नाही.

याला आता सहा वर्षं झाली. लग्नाला लोक माजलगावचा ताफा आणतात. तो विसाव्याच्या वाटेनं येत नाही, वळसा घालून येतो. मी रोज दिवस मावळताना दार लोटतो आणि सनई नुसती मांडीवर घेऊन बसतो. सूर येतो. पूर्वी दहा-बारा श्वासांनी एक हिसका यायचा. आता दोन-तीन श्वासांतच येतो. ती दमली आहे. गाल दुखत असतील. हे मला रोज ऐकू येतं.

पत्ती डबीत आहे. पोचवणीची चाल मला येते. मनकर्णेसाठी ती वाजवायची अजून राहिली आहे.