हनुवटीची पट्टी

माझ्या बायकोला सगळे सिस्टर म्हणायचे. बँकेची अध्यक्ष झाली तरी सिस्टर, मंत्री झाली तरी सिस्टर. मीही सिस्टरच म्हणायचो, कारण मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते वॉर्डात. मी तेव्हा त्याच हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होतो. ती मला ‘अहो लाँड्री’ म्हणायची. लग्नानंतरही, चिडली की हेच.

मळलेल्या चादरी गोळा करायला मी ढकलगाडी घेऊन वॉर्डात जायचो. एकदा पडद्यामागून तिची हाक आली, “अहो लाँड्री, हात धुऊन जरा इकडे या.”

आत एक म्हातारा नुकताच गेला होता. तोंड उघडं होतं. तिच्या जोडीची नर्स दुसऱ्या पेशंटकडे अडकली होती आणि हे काम एकट्यानं होत नाही. जबडा एकानं खालून धरायचा, दुसऱ्यानं हनुवटीखालून पट्टी घेऊन डोक्यावर गाठ मारायची. मी धरला. तिनं पट्टी बांधली, पापण्या मिटल्या, कोमट पाण्यानं तोंड पुसलं आणि मग त्याचे उरलेसुरले केस विंचरायला लागली.

“सिस्टर, आटपा,” मी म्हटलं, “मला अजून सगळा मजला करायचाय.”

“कसली घाई? यांना आता कुठं जायचंय?”

मग विंचरता विंचरता तिनं समजावलं. माणूस गेला की थोड्या वेळानं अंग ताठायला लागतं. त्याआधी जबडा बांधला नाही तर तोंड उघडंच राहतं, आणि घरच्यांना जन्मभर तेच आठवतं.

त्यानंतर ती बाहेर गेली. बाकावर म्हाताऱ्याचा मुलगा बसला होता. डॉक्टर लोक ‘प्रयत्न चालू आहेत’ म्हणून सटकायचे. ती त्याच्या शेजारी बसली, त्याचं मनगट हातात घेतलं आणि म्हणाली, “तुमचे वडील वारले. त्रास झाला नाही. आत या, बघून घ्या.” ही तिची रीत. सांगताना मनगट धरायचं, कारण ऐकून कुणाला चक्कर येणार असेल तर नाडी आधी सांगते.

आमचं जमलं तेव्हा माझी आई म्हणाली, “मेलेल्या माणसांच्या उशाशी जमलेलं लग्न मी तरी ऐकलं नव्हतं.” सिस्टर म्हणाली, “आई, जिवंत माणसांनी जमवलेली किती टिकली ते बघितलंय ना?” आईला हसू आवरलं नाही. पुढं दोघींचं चांगलं पटलं.

बँक सुरू झाली ती पगाराच्या दिवशी, नर्सेसच्या खोलीत. दारावर सावकाराची माणसं उभी असायची आणि वॉर्डातल्या मावश्यांचा पगार घरी पोचायच्या आधीच निम्मा व्हायचा. सिस्टरनं ड्रेसिंगचा वाकडा स्टीलचा ट्रे, किडनी ट्रे म्हणतात तो, उकळून आणला, टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “यात जमेल तेवढं टाका. ज्या घरात आजारपण, त्या घराला आधी.” त्याची पतपेढी झाली, मग बायकांची बँक. तिनं नोकरी सोडली. काचेच्या केबिनमध्ये बसायला लागली, पण कर्ज मागायला आलेल्या बाईला टेबलापलीकडं कधी बसवलं नाही. शेजारी बसवायची आणि मनगट धरायची. खोटं बोलणाऱ्याची नाडी पळते असं तिचं म्हणणं. बायका एकमेकींना सांगायच्या, “जामीन नसला तरी चालेल, मनगट तेवढं धुऊन जा.” एकीची नाडी फार पळत होती म्हणून तिनं कर्ज नाकारलं. नंतर कळलं, लिफ्ट बंद होती आणि बाई सगळे जिने चढून आली होती. सिस्टर स्वतः तिच्या घरी जाऊन कर्ज देऊन आली. आठवडाभर मी तिला त्यावरून चिडवत होतो.

बँक वाढली तशी पक्षाची माणसं यायला लागली. त्यांचा सरचिटणीस सारखा खोकल्याची गोळी चघळायचा, म्हणून आम्ही घरात त्याला चघळ्या म्हणायचो. तो म्हणाला, “सिस्टर, तुम्ही किती जणींना पुरणार? सत्तेत या, एका सहीत सगळ्यांचं होईल.” तिला ते पटलं. मलाही पटलं होतं. ती निवडून आली, पुढं आरोग्यमंत्री झाली. ज्या हॉस्पिटलात मी चादरी धुतल्या तिथं तिनं नवी इमारत बांधली. नर्सेसना बसायला खोली नव्हती, ती दिली. चांगली कामं केली, ती कुणी नाकारू नये.

मग तापाचं वर्ष आलं. माणसं पटापट जात होती आणि सरकारवर अविश्वासाचा ठराव आला होता. मतदान होईपर्यंत मेलेल्यांचा आकडा बाहेर जाऊ द्यायचा नाही असं पक्षानं ठरवलं. पत्रकारांसमोर ती उभी राहिली आणि म्हणाली, “परिस्थिती आटोक्यात आहे. रुग्णांची प्रकृती स्थिर आहे.” मी टीव्हीवर पाहिलं. शेजारी चघळ्या उभा होता, त्याचा गाल हलत होता.

घरी आली ती चपलांसकट स्वयंपाकघरात जाऊन बसली.

“अहो, आज मी मेलेल्या माणसांची प्रकृती स्थिर आहे म्हणून सांगितलं.”

“उद्या खरं सांगशील,” मी म्हटलं.

“उद्यापर्यंत त्यांची तोंडं ताठतील.”

सरकार वाचलं. तिनं राजीनामा दिला नाही. बँक होती, तिच्यावर विसंबलेली माणसं होती, कारणं पुष्कळ असतात. पण त्या दिवसापासून तिनं कुणाचं मनगट धरलं नाही. लोक भेटायला आले की लांबून हात जोडायची. लोकांना वाटलं, बाई मोठी झाली.

यंदाच्या निवडणुकीत प्रचार संपत आला असताना ती व्यासपीठावरच कोसळली. डोक्यात रक्तस्राव झाला होता. तिनंच बांधलेल्या इमारतीत तिला ठेवलं, तोंडात नळी, शेजारी श्वासाचं यंत्र. मी मनगट धरून बसलो होतो. नाडी कशी बघायची ते मला तिनंच शिकवलं होतं. दुपारी ती बोटाखालून गेली. मशीन ओरडायला लागलं, डॉक्टर धावत आले, छाती दाबली, इंजेक्शनं दिली. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी माझ्याकडं बघून मान हलवली आणि बाहेर गेले. मला वाटलं आता नर्सेस येतील. कुणी आलं नाही. डॉक्टर परत आले ते चघळ्याला घेऊन. त्यांनी मशीनचा आवाज बंद केला, पडदा ओढला आणि माझ्याकडं न बघता निघून गेले. नळी तशीच तोंडात राहिली.

“काका,” चघळ्या म्हणाला, “फार वाईट झालं. पण जरा डोकं शांत ठेवून ऐका. परवा मतदान आहे. उमेदवार वारला तर इथलं मतदान रद्द होतं. परवा संध्याकाळपर्यंत थांबायचं, बस. कुणी विचारलं तर प्रकृती स्थिर आहे.”

“आणि ती?”

“खोलीत एसी आहे, काका.”

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. गोळी या गालातून त्या गालात गेली.

“सिस्टर निवडून येणारच. मग पोटनिवडणूक लागेल, तिथं ताई उभ्या राहतील. माझा शब्द.”

ताई म्हणजे आमची मुलगी. ती तेव्हा बँकेत मॅनेजर होती. भिंतीला टेकून उभी होती, रडली नव्हती. चघळ्या म्हणाला, “ताई, तुम्हीच समजवा यांना,” आणि फोन घ्यायला बाहेर गेला.

“बाबा, मला त्या जागेचा मोह नाही,” ती म्हणाली.

“मला माहीत आहे.”

“पण बँकेला गिळायला लोक टपलेत. आई गेली आणि जागाही गेली असं कळलं की दारात रांग लागेल. सगळ्याजणी एकदम ठेवी मागायला लागल्या तर कुठून देऊ? मावश्यांची बँक आहे ती. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.”

“बरोबर आहे तुझं.”

“मग?”

“तिचं तोंड उघडं आहे.”

मी बाहेर जाऊन मेट्रनला बोलावलं. ती सिस्टरच्या हाताखाली शिकलेली. आत आली, बघितलं आणि ओठ दाबले. “काका, डॉक्टरांनी सांगितलंय, या खोलीत कुणी हात लावायचा नाही.”

“मग तू लावू नकोस. मला कोमट पाणी दे आणि पट्टी दे. नळी कशी काढायची तेवढं सांग.”

“तुम्ही काढाल नळी?” ती म्हणाली. “माझ्या सिस्टरची?” आणि तिनं हातमोजे चढवून नळी स्वतःच काढली, अगदी हळू, जशी जिवंत माणसाची काढतात. ट्रॉली आणून दिली. “मी दाराबाहेर उभी राहते,” ती म्हणाली. “तो आला तर माझ्या अंगावरून जावं लागेल त्याला.”

मी पट्टी घेतली. एका हातानं जबडा वर केला तर दुसऱ्या हाताला गाठ जमेना. पट्टी सरकायची, तोंड पुन्हा उघडायचं. तिची मान जड व्हायला लागली होती. बाहेर चघळ्याचा आवाज आला, “काय चाललंय आत? बाजूला व्हा.” मेट्रनचा आवाज आला, “ड्रेसिंग चालू आहे, साहेब. पुरुषांनी आत यायचं नाही.”

“बाबा, असं नाही जमायचं,” मुलगी म्हणाली.

“एकट्यानं होत नाही हे काम.”

ती भिंतीपासून हलली नाही. मी पुन्हा प्रयत्न केला. मग तिची पावलं ऐकू आली. बेसिनवर हात धुतले तिनं, पुसले, आणि पलंगाच्या पलीकडं येऊन आईच्या हनुवटीखाली हात लावला.

“दाबू नकोस. हलकेच,” मी म्हटलं.

“कळतंय मला,” ती म्हणाली, आणि तेव्हा कुठं रडायला लागली. पण हात हलू दिला नाही. मी डोक्यावर गाठ मारली, पापण्या मिटल्या. कोमट पाण्यानं तोंड पुसलं. नळीच्या चिकटपट्टीचे वळ गालावर राहिले होते, ते मात्र गेले नाहीत. केस मुलीनं विंचरले. आम्ही घाई केली नाही.

पुढं काय झालं तेही सांगून टाकतो. मतदान रद्द झालं. नंतर झालं तेव्हा पक्षानं दुसराच उमेदवार दिला आणि तो पडला. बँकेच्या दारात रांग लागली, मुलगी म्हणाली होती तशीच. तिनं शेवटपर्यंत काउंटर उघडा ठेवला, पण बँक वाचली नाही. एका मोठ्या बँकेनं घेतली. ज्या मावश्यांना आम्ही सावकाराच्या दारातून सोडवलं, त्यातल्या काही परत त्याच दारात आहेत. मेट्रनची बदली झाली. मुलगी माझ्याशी बोलते, कामापुरतं. मी चूक केली असं एखाद्यानं म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

त्या दुपारी दार उघडून मी बाहेर आलो तेव्हा चघळ्या समोरच होता. त्यानं आत बघितलं, पट्टी बघितली. “काका, हे काय करून बसलात?” एवढंच म्हणाला. मी त्याच्या बाजूनं पुढं गेलो. कॉरिडॉरच्या टोकाला बाकांवर बँकेच्या बायका सकाळपासून बसून होत्या. त्यांच्यात सगळ्यात म्हातारी मावशी, किडनी ट्रेमध्ये पहिली नोट टाकणारी. मी तिच्या शेजारी बसलो आणि तिचं मनगट हातात घेतलं. सुरकुतलेलं, काडीसारखं.

तिनं माझ्या हाताकडं बघितलं, मग तोंडाकडं. “आत्ताच तो पक्षवाला सांगून गेला, स्थिर आहे म्हणून.”

“नाही, मावशी. सिस्टर वारली. दुपारीच.”

तिची नाडी माझ्या बोटाखाली पळायला लागली. मी हात सोडला नाही. थोड्या वेळानं ती सावकाश झाली.

“पट्टी बांधली?” मावशीनं विचारलं.

“बांधली.”

“जबडा कुणी धरला?”

“पोरीनं,” मी म्हटलं.